प्रभाकरच्या बैठकीत कोणी लिहीना

दगड काच फोडून आत आला आणि प्रभाकरच्या डाव्या डोळ्यावर बसला. मी त्याच्या शेजारीच होते. त्यानं "बाई" अशी एकच हाक मारली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून तो वाकला. बोटांमधून रक्त आलं, ते माझ्या लुगड्यावर पडलं. समोर राईस मिलजवळ माणसं रस्ता अडवून उभी होती. त्यातल्या बऱ्याच जणांना मी सकाळी आमच्या मुक्कामाच्या गावात चहा पिताना पाहिलं होतं. त्यांना प्रभाकर नको होता, मागच्या सीटवर बसलेली पंच शकुन हवी होती. वामन आमच्या काळीपिवळी जीपचा चालक. त्यानं गाडी थांबवली नाही. रस्ता सोडून त्यानं ती कापलेल्या धानाच्या बांधीत उतरवली आणि शेतांच्या धुऱ्यावरून आदळत आपटत पलीकडच्या सडकेला लावली. प्रभाकर शकुनला वाचवायला आडवा झाला, असं नंतर लोक सांगू लागले. तसं काही नाही. तो खिडकीकडे बसला होता म्हणून त्याला लागलं. मी खिडकीकडे असते तर मला लागलं असतं.

तो डोळा गेला. प्रभाकर मात्र त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला आणि आता, यंदाचं धान कापायच्या आधी, गेला. सकाळी मी चहा घेऊन त्याच्या खोलीत गेले तेव्हा तो कुशीवर निजलेला होता आणि गार पडला होता. डॉक्टर हृदय म्हणाले. मी काही विचारलं नाही. तो माझा पाठचा भाऊ, मला बाईच म्हणायचा. त्याची बायको लवकर वारली, मीही लवकर एकटी झाले, म्हणून ब्रह्मपुरीच्या त्या घरात आम्ही दोघं राहत होतो. त्याच्याबद्दल पेपरात पुष्कळ छापून आलं. आदर्श शिक्षक, कबड्डीचे ज्येष्ठ पंच, असं. ते सगळं बरोबर आहे. पण ज्या गोष्टीसाठी त्यानं शेवटची वर्षं घालवली तिच्याबद्दल कोणी ओळही लिहिली नाही, म्हणून मी लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. चुकीचे शब्द रिझवाननं दुरुस्त केले आहेत.

प्रभाकर शाळेत खेळ शिकवायचा आणि धानाची कापणी झाली की गावोगाव कबड्डीचे सामने व्हायचे त्यात पंच म्हणून जायचा. आमच्याकडे कबड्डी म्हणजे साधी गोष्ट नाही. गावाची इज्जत त्या चुन्याच्या रेषांत असते. सामना संपला की हरलेलं गाव पंचाला शिव्या देतं आणि जिंकलेलं गाव त्याला विसरतं, जेवायलासुद्धा कोणी विचारत नाही. मग हे चार-पाच पंच एका काळीपिवळीत बसून घरी निघायचे आणि वाटेत आपापल्या चुका सांगायचे. इथे मी घाई केली, तिथे माझं लक्ष दुसरीकडे होतं. एकमेकांना शिव्या द्यायचे, हसायचे, नियमांवर भांडायचे. प्रभाकर म्हणायचा की पंच मैदानात घडतच नाही, तो परतीच्या जीपमध्ये घडतो.

पण शिरोंच्याचा पंच आणि ब्रह्मपुरीचा पंच एका जीपमध्ये बसतील कसे? म्हणून लांबचे पंच प्रभाकरला फोन करून शंका विचारायचे. जेवताना फोन, आंघोळीच्या वेळी फोन. एकदा मी वैतागून बोलले, तेव्हा रिझवान घरात होता. रिझवान म्हणजे त्याचा जुना विद्यार्थी. बस स्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटर आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं सांगितलं, सर, हे सगळं नेटवर टाकू, एक विचारेल आणि सगळे वाचतील. त्यानं जागा बनवून दिली. प्रभाकरनं तिला नाव दिलं पंचांची बैठक. आणि त्यानं एकच नियम ठेवला. बैठकीत प्रश्न विचारायचा असेल तर आधी आपली एक चूक लिहायची. चूक नाही तर प्रश्न नाही. मला वाटलं, असं कोण लिहिणार? पण लिहायला लागले, कारण जीपमध्ये त्यांना ती सवय होतीच.

घुग्घुसचा इस्तारी कोळशाच्या खाणीत होता, पाळी संपवून लिहायचा. सगळ्यांत जास्त उत्तरं त्याचीच असायची. शिरोंच्याचे एक मास्तर मराठी लिहायचे ती तेलुगूच्या चालीवर, ते वाचून प्रभाकर एकटाच हसत बसायचा. शकुन हेमलकशाच्या पलीकडच्या आश्रमशाळेत खेळाची शिक्षिका होती, वयानं सगळ्यांत लहान आणि बायकांतली एकटीच. तिच्याकडे नेटवर्क फक्त शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी यायचं. ती टाकीला टेकून उभी राहून लिहायची आणि मध्येच रेंज गेली की तिचं वाक्य अर्धंच यायचं. बाकीचे त्या अर्ध्या वाक्यावरच भांडून मोकळे व्हायचे. मी तांदूळ निवडत असले की प्रभाकर मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि विचारायचा, "बाई, तू सांग. बाद का नाई?" मी आपली बाद म्हणायचे. तो म्हणायचा, तुझ्या हातात शिट्टी दिली तर दोन्ही संघ घरी जातात. एकदा एकानं नवीन पंचाची चूक वाचून टिंगल केली. प्रभाकरनं त्याला हाकललं नाही. आता तू आपल्या दोन चुका लिही, असं सांगितलं. त्यानं लिहिल्या, आणि त्या पहिल्यापेक्षा भारी निघाल्या.

मग ते वैनगंगेकाठच्या गावातले सामने आले. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे माझी मावसबहीण अजून राहते. मी तिच्याकडेच पाहुणी म्हणून गेले होते. प्रभाकर मुख्य पंच आणि शकुन बाजूची पंच. अंतिम सामना त्याच गावाचा होता आणि गाव एका गुणानं हरलं. शेवटच्या चढाईत त्यांचा पोरगा परत येताना कोपऱ्यातल्या खेळाडूला शिवून आला असं सगळं गाव म्हणत होतं. शकुननं स्पर्श दिला नाही. आरडाओरडा झाला, पण निकाल राहिला. दुसऱ्या दिवशी बक्षिसं होती म्हणून सगळे मुक्कामाला थांबले. जेवणं झाल्यावर शकुननं सवयीप्रमाणे मोबाईल काढला आणि बैठकीत लिहिलं की त्या क्षणी माझं लक्ष रेषेकडे होतं, स्पर्श झाला असावा, मला दिसला नाही, माझं चुकलं असू शकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लिहिण्याचा फोटो गावातल्या मोबाईलवर फिरत होता. बाईनं स्वतः कबूल केलं, असं त्याच्याखाली कोणी तरी लिहिलं होतं. दुपारी आम्ही निघालो तोवर माणसं राईस मिलपाशी गोळा झाली होती. पुढचं सांगितलंच आहे.

बैठक बाहेरच्या माणसाला उघडत नव्हती. आत येणारे मोजकेच, एकमेकांना ओळखणारे. म्हणजे फोटो काढणारा त्यांच्यातलाच होता.

नागपूरच्या दवाखान्यात रिझवान आला तो मोबाईल घट्ट धरूनच. त्याच्या दुकानात कोणी तरी दुरुस्तीला फोन दिला होता, त्यात तो फोटो होता, न कापलेला. बैठक उघडणाऱ्याचं नाव पानाच्या वरच्या बाजूला यायचं. गावात फिरला त्या फोटोत ती बाजू कापलेली होती, यात होती. रिझवान म्हणाला, सर, नाव आहे यात, एकदा पाहा. प्रभाकरला एका डोळ्यावर पट्टी, दुसरा उघडा. त्यानं तो उघडा डोळा मिटला आणि हातानं मोबाईल उलटा केला.

"मी पाह्यलं नाई त्याचा निकाल मी देत नाई," तो म्हणाला.

"मग आता पाहा ना, सर. समोर तं आहे."

"खेळ होऊन गेल्यावर लोकायनं दाखवलं म्हणून पंच निकाल देते काय? मिटवून टाक."

मला राग आला. मी म्हटलं, "अरे, हे मैदान नाई, दवाखाना आहे. तुझा डोळा गेला."

"डोळा गेला म्हणून नियम जाते का, बाई?"

रिझवाननं त्याच्यासमोर फोटो मिटवला. मी बाहेर जाऊन रिझवानला नाव विचारलं तर तो रडकुंडीला आला, पण बोलला नाही.

घरी आल्यावर प्रभाकरनं बैठकीत लिहिलं की माझा एक डोळा गेला आहे, बैठक चालू आहे, आणि फोटो कोणी काढला हे कोणी विचारू नये. त्याला वाटलं, यानं सगळे निश्चिंत होतील. एक माणूस पकडून त्याला बाहेर काढलं तर बैठकीची कचेरी होईल, आणि कचेरीत कोणी आपली चूक सांगत नाही, असं त्याचं म्हणणं. ऐकायला बरोबर वाटतं. मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं की तू एकाला वाचवून राह्यला आणि बाकीच्या सगळ्यायले चोर करून राह्यला. त्याला पटलं नाही. जन्मभर जे दिसलं तेवढंच खरं मानत आलेला माणूस, त्याला न दिसणाऱ्या गोष्टीची ताकद कळायची कशी?

बैठक एका दिवसात बंद पडली नाही. बंद पडली असती तर बरं, निदान कळलं असतं. आधी चुका लहान झाल्या. शिट्टी घरी विसरलो, सामन्याला उशिरा पोचलो, असल्या. मग लोक स्वतःची चूक लिहिण्याऐवजी माझ्या एका मित्राची चूक असं लिहू लागले. मग चुका गेल्या आणि नुसते प्रश्न राहिले, आणि तेही असे की ज्यांची उत्तरं नियमांच्या पुस्तकात सापडतात. त्यांना उत्तर कोण देणार? मग दिवाळीच्या शुभेच्छा, फुलांची चित्रं, कोणी सेवानिवृत्त झाला त्याचं अभिनंदन. मग तेही थांबलं. इस्तारीचं उत्तर तर त्या दगडानंतर एकही आलं नाही. लोक म्हणतात व्हॉट्सॲप आलं म्हणून बैठक ओस पडली. आता प्रत्येक गावात सामन्याचा व्हिडिओ निघतो, पंचाला विचारायची गरज उरली नाही, असंही म्हणतात. मी हे मानत नाही. ज्याला बोलायचं असतं तो कुठेही बोलतो. ते बोलायचेच थांबले होते, आणि मैदानावर एकमेकांना भेटले तरी थांबलेलेच असायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जीपमध्येसुद्धा ते गाणी लावून बसायचे.

एका डोळ्यानं पंचगिरी करता येत नाही. अंतर कळत नाही. प्रभाकरला सामने बंद झाले आणि त्याच्याकडे बैठकच उरली. रोज संध्याकाळच्या चहानंतर तो बसायचा. आधी आपली एक जुनी चूक लिहायचा, मग एक प्रश्न. उत्तराची वाट पाहायचा. काही दिवसांनी खाली स्वतःच लिहायचा, कोणाचं उत्तर आलं नाही, म्हणून मीच सांगतो… मी म्हणायचे, भिंतीशी बोलून राह्यला. तो म्हणायचा, भिंत ऐकते ना, उलटून तं बोलत नाई तुझ्यासारखी. मला त्याची दया यायची असं नाही. रागच यायचा. तीसेक वर्षं गावागावांच्या शिव्या खाऊन जो माणूस हलला नाही तो एका ओळीच्या उत्तरासाठी असा बसलेला मला पाहवत नव्हता. जुन्या चुकाही एक दिवस संपल्या असाव्यात, कारण शेवटी शेवटी तो घरातल्याच लिहू लागला होता. भाजीत मीठ जास्त पडलं आणि मी बाईला बोललो, अशी एक आहे. ते खरं आहे, बोलला होता.

त्याच्या तेरवीला माणसं पुष्कळ आली. शिरोंच्याचे मास्तर एवढ्या लांबून आले, जेवले आणि हवापाण्याचं बोलून गेले. दुपार कलल्यावर रिझवान आणि शकुन राहिले. शकुन आता बाई झाली आहे, दोन लेकरांची आई, पण शिट्टी सोडलेली नाही. दरवर्षी ती प्रभाकरला भेटायला यायची. बैठकीत मात्र त्या दिवसापासून तिनं अक्षर लिहिलं नव्हतं. रिझवाननं विषय काढला की बैठकीचं काय करायचं, बंद करू का. मी शकुनला म्हटलं, "तू सांग. तुम्हीच बसत होते तिथी. काऊन सोडलं? दगडाले भेले?"

"दगडाचं भेव नाई, बाई. दगड तं दिसते," ती म्हणाली. "सरांनी लिहिलं, विचारू नका. आम्ही नाई विचारलं. पण मग ज्याच्याशी बोलावं त्याच्याबद्दल मनात यायचं, यानंच तं नाई काढला? अन् त्यालेही वाटत असन, ही माझ्याकडे अशी काऊन पाहून राह्यली. शिरोंच्याचे मास्तर मले पोरीसारखं मानत. तेही गेले. कोणी भांडलं नाई, काही नाई. नुसते गेले."

मग तिनं रिझवानकडे वळून विचारलं, तुम्हाला माहीत आहे ना, फोटो कोणी काढला ते? रिझवान माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, "तुह्या सरानं मिटव म्हटलं, तू मिटवलं. आता बोल."

"फोटो मिटला, बाई," तो म्हणाला. "डोक्यातून नाई मिटला."

नाव इस्तारीचं होतं. त्याला विचारूनच मी ते इथे लिहिते आहे.

शकुननं अंगणात उभं राहूनच त्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे आम्हालाही ऐकू यावं. इस्तारी आता खाणीतून निवृत्त झाला आहे. खोकल्यामुळे तेरवीला आला नव्हता, किंवा खोकला आहे असं सांगितलं होतं. शकुननं प्रस्तावना केली नाही. फोटो तुम्ही काढला काय, इस्तारीभाऊ, एवढंच विचारलं. तो हो म्हणाला. मग त्यानं सांगितलं. त्याचा साळा त्या गावात राहत होता. सामना हरल्यावर साळ्यानं फोन करून त्याला डिवचलं की तुमचे सगळे पंच विकलेले असतात. इस्तारी चिडला. त्यानं शकुनचं लिहिणं उघडलं, त्याचा फोटो काढला आणि साळ्याला पाठवला. खाली लिहिलं, पाहा, विकलेला माणूस असं लिहील का?

"मले वाटलं, वाचून तो चूप बसते," इस्तारी म्हणाला. "आपण तं रोजच लिहून राह्यलो होतो ना, शकुन. चूक लिहिणारा पंच म्हणजे सच्चा पंच, हे आपल्याले माहीत. बाहेरच्याले ते असं दिसते हे माझ्या ध्यानातच नाई आलं."

शकुननं विचारलं, मग सरांना का सांगितलं नाही?

"सरांनी लिहिलं, विचारू नये. त्यायनं विचारलं असतं तं त्याच दिवशी सांगितलं असतं. न विचारता कोणत्या तोंडानं सांगू? रोज वाचत होतो मी त्यायचं. सगळी उत्तरं येत होती मले…"

मी शकुनच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, "मी बाई बोलून राह्यली. मले सांगितलं ते आता तिथी लिही." आणि फोन बंद कसा करतात ते मला येत नाही, म्हणून रिझवानला दिला.

त्यानं लिहिलं. दुसऱ्याच दिवशी, सगळं, साळ्यासकट. मला वाटलं होतं कोणी वाचणार नाही. पण बैठकीतल्या जुन्या लोकांपैकी तिथे येऊन नुसतं वाचणारे बरेच होते म्हणे, इतकी वर्षं, हे रिझवानलाही माहीत नव्हतं. काहींनी इस्तारीला घाण शिव्या लिहिल्या. दोघांनी लिहिलं की सरांच्या डोळ्याची भरपाई कशी करशील. शिरोंच्याच्या मास्तरांनी शकुनची माफी मागितली. इतकी वर्षं त्यांना तिच्यावर संशय होता की तिनंच मोठेपणासाठी फोटो पसरवला. हे सगळं रिझवान मला वाचून दाखवत होता आणि मी ऐकत होते. मग शकुननं लिहिलं. माफीबद्दल नाही, इस्तारीबद्दल नाही. मागच्या आठवड्यातल्या शाळांच्या सामन्याचं लिहिलं. पकडणाऱ्या खेळाडूचा पाय स्पर्शाआधीच बाजूच्या राखीव पट्ट्यात पडला होता, ते मी उशिरा पाहिलं, आणि तरी चढाईवाल्याला बाद दिलं. माझं चुकलं का?

खाली इस्तारीचं उत्तर आलं, चुकलं. शकुननं लिहिलं, तुम्ही मैदानावर होते का? इस्तारीनं लिहिलं, नव्हतो, पण पाय कुठे पडला ते तूच लिहिलं आहेस, तिथे पडला की पकडणाराच बाद. मग मास्तर मध्ये पडले, ते तेलुगूच्या चालीवर, आणि त्यांनी दोघांनाही चूक ठरवलं.

बैठक पुन्हा भरली असं मी म्हणणार नाही. तिघं भांडले म्हणून बैठक भरत नाही. या हंगामातले गावांचे सामने अजून व्हायचे आहेत, तेव्हा कळेल कोण काय लिहितो ते. पण रिझवानला मी बंद करू नको असं सांगितलं आहे. प्रभाकर चुकला होता. त्यानं तो मोबाईल सुलटा करून नाव वाचायला हवं होतं, इस्तारीला दोन शिव्या द्यायला हव्या होत्या, आणि सगळ्यांची वर्षं वाचली असती, त्याचीही. हे मी त्याच्या तोंडावर म्हटलेलं आहे, म्हणून तो नसताना लिहायला मला काही वाटत नाही.

त्या काळीपिवळीत आम्ही चौघं होतो. वामन काही वर्षांनी काविळीनं वारला. प्रभाकर आता गेला. शकुन आहे, आणि मी आहे.